भिंतीचं विरजण

मी गवंडी आहे. बिगारी नाही, गवंडी. हे आधीच सांगून टाकते, कारण बाई बांधकामावर दिसली की लोक तिच्या डोक्यावर घमेलं शोधतात. मीही नऊ वर्षं घमेली वाहिली, खोटं कशाला बोलू? पण माझ्या लेकीचे, मनवाचे बाबा गेले आणि त्यांची थापी मी हातात घेतली, त्यालाही आता तेवीस वर्षं झाली. आज हिरडेवाडीत माझ्या हातचा गिलावा नसलेलं घर दाखवा, मी तुम्हाला जेवायला घालीन. नाही दाखवलंत तरी घालीन, ते सोडा.

आमची हिरडेवाडी घाटमाथ्यावर. इथे पाऊस पडत नाही, राहायला येतो. पूर्वी जूनला येऊन सप्टेंबरला जायचा, आता मेच्या मध्यावर बिऱ्हाड मांडतो आणि दिवाळीचे कंदील भिजवूनच उठतो. गेल्या साली, म्हणजे दोन हजार बेचाळीसला, साडेअकरा हजार मिलिमीटर झाला. पाच महिने कपडे वाळत नाहीत, मीठ सुटं राहत नाही. आणि भिंतींचं तर विचारूच नका. कपाट सरकवलं की मागे काळा डाग. पुस्तक उघडलं की पानांवर पांढरी लव. पोरं पावसाळाभर खोकायची आणि आम्ही म्हणायचो, हवा बाधली.

हवा कसली, बुरशी! ते कळलं कणमापक आला तेव्हा. जेवणाच्या डब्याएवढी पेटी. एका बाजूने खोलीतली हवा ओढून घेते, आत प्रकाशाचा बारीक झोत सोडून हवेतले बुरशीचे बीजकण एकेक करून मोजते आणि दहा मिनिटांत आकडा दाखवते. हे बीजकण डोळ्यांना दिसत नाहीत, पण श्वासाबरोबर थेट छातीत जाऊन बसतात. डॉक्टरांनी शाळाशाळांचे आकडे आणि तिथली दम्याची पोरं शेजारी शेजारी मांडली, तेव्हा सरकारला जाग आली. कायदा झाला. वर्गाच्या एका घनमीटर हवेत पाचशेच्या वर बीजकण निघाले तर शाळा बंद, मुलं दुसऱ्या शाळेत.

कायदा चांगलाच. पण आमच्यासाठी दुसरी शाळा म्हणजे घाट उतरून चाळीस किलोमीटरवरचं वसतिगृह. आमच्या शाळेत त्रेचाळीस मुलं, त्यांतली सात पहिलीतली. सहा वर्षांचं पोर आईला सोडून खाली राहणार, शनिवारी दरड पडली नसेल तर वर येणार. आणि आमच्या शाळेत पहिल्यांदा मोजलं तेव्हा आकडा आला होता नऊ हजार. सुधारायला तीन पावसाळ्यांची मुदत मिळाली.

त्याच सुमाराला माझी मनवा पुण्याहून एक बाटली घेऊन घरी आली. सूक्ष्मजीवशास्त्र शिकलेली आहे ती. हा शब्द मला सलग म्हणता यायला महिना लागला, पण आता बघा कसा म्हणते. बाटली ओट्यावर ठेवून तिने मला विचारलं, "आई, दूध नुसतं उघडं ठेवलंस तर काय होतं?"

"नासतं."

"आणि विरजण लावलंस तर?"

"दही होतं. हे शिकायला पुण्याला गेली होतीस?"

हसली. म्हणाली, "जंतू दोन्हीकडे पडतात गं. पण विरजणातल्या जंतूंनी आधी जागा धरली की नासवणाऱ्यांना बसायला जागा उरत नाही. मला भिंतीला विरजण लावायचंय."

मग तिने समजावलं ते माझ्या भाषेत सांगते. बुरशीला दोनच गोष्टी लागतात, ओल आणि खाणं. खाणं म्हणजे धूळ, घामाचा चिकटा, कागदाचा भुगा. शाळेत त्याला काय तोटा! आम्ही गवंडी जन्मभर ओलीशीच भांडत आलो. सिमेंट थापतो, वर प्लॅस्टिकचा रंग देतो. मग आतली ओल आतच कोंडते आणि रंगाला फुगे येतात. चुना त्यापेक्षा बरा, भिंतीला श्वास घेऊ देतो. नवा चुना जळजळीत असतो, त्यावर वर्षभर बुरशीची बसायची हिंमत होत नाही. पण हवा पिऊन पिऊन तो निवतो, पुन्हा दगड होतो, आणि मग बुरशीचं फावतं. मनवा म्हणाली, पाच महिने हवा ओली राहणारच, ती काही तुझ्यामाझ्या हातात नाही. भिंत खुशाल ओली होऊ दे. फक्त बुरशीच्या आधी तिच्यावर दुसरं कोणीतरी बसवू.

हे दुसरं कोणी तिला आमच्याच सड्यावर सापडलं होतं. गावामागचा तो उघडा कातळ सात महिने भाजतो आणि पाच महिने पाण्याखाली असतो, पण त्यावर बुरशी म्हणून दिसत नाही. मनवाने तिथले दगड खरवडून नेले. अकराव्या दगडावर तो जीवाणू निघाला, म्हणून त्याचं नाव स-अकरा. तो बुरशीचं खाणं स्वतः खाऊन टाकतो आणि असा काही रस सोडतो की बीजकण रुजतच नाही. कोरड्या दिवसांत झोपतो, ओल आली की उठतो. माणसाच्या अंगात जगत नाही, हे दोन वर्षं तपासून झालं होतं.

अडलं होतं एकाच ठिकाणी. भिंतीवर लावला की आठवड्यात मरायचा. पुण्याचे मोठमोठे लोक डोकं धरून बसले होते. मी विचारलं, "चुना लावून किती दिवसांनी लावता?"

"दुसऱ्या दिवशी."

"अगं, मग मरणार नाही तर काय! चुना तापट असतो. सहा आठवडे त्याची वरची कातडी निवू दे. आणि त्यात गूळ आणि हिरड्याचं पाणी घाल, तुझ्या जीवाणूला शिदोरी होईल."

तिने माझ्याकडे असं बघितलं की बस. त्या नजरेसाठी मी आणखी नऊ वर्षं घमेली वाहिली असती. तिची बाटली आणि माझी थापी, अशा आम्ही दोघींनी मिळून शाळेच्या चारही खोल्या केल्या, तीन वर्ग आणि एक ऑफिस. त्याच उन्हाळ्यात छपरावर नवे पत्रेही बसले. हे काम तपासणाऱ्या मुंबईच्या समितीला तुलनेसाठी एक वर्ग बिनविरजणाचा हवा होता; तो ठेवू, असं मनवा म्हणत होती. मीच तिला गप्प केलं. म्हटलं, त्या वर्गात कोणाची पोरं बसवायची, ते आधी सांग. मग तिने त्या वर्गासाठीही विरजण कालवलं.

पहिल्या पावसाळ्यात आकडा आला तीनशे दहा, दुसऱ्यात एकशे ऐंशी. खोकणारी पोरं खोकायची थांबली. गावाने मनवाचा नारळ देऊन सत्कार केला आणि मी पहिल्या रांगेत बसून इतकी रडले की फोटोत माझं फक्त नाक आलंय. तरी मुंबईची समिती मान डोलवीना. म्हणे, आकडा नव्या पत्र्यांमुळे उतरला नसेल कशावरून? विरजणाचाच गुण, याला पुरावा काय? तिसऱ्या पावसाळ्यात आमच्या तज्ज्ञ स्वतः येतील आणि काय ते जागेवर ठरवतील. पास झालो तर शाळा राहील आणि घाटमाथ्यावरच्या आणखी चाळीस शाळांना हेच विरजण लागेल. नापास झालो तर त्याच दिवशी शाळेला कुलूप आणि मनवाचं काम बासनात. तारीख ठरली गौरी-गणपती विसर्जनानंतर तिसऱ्या दिवसाची.

आता माझं ऐका. विरजण लावलेली भिंत दिसायला कशी असते ठाऊक आहे? पांढरी नसते. फिक्या चहाचा रंग आणि मधे मधे राखी ठिपके. मी चुन्यावर निरूचा, म्हणजे गुळगुळीत चुन्याच्या शेवटच्या थराचा, हात मारते तो असा मारते की भिंतीत तोंड बघावं. ते सगळं त्या चहाखाली गेलं. मनवाचा हुकूम होता की भिंत पुसायची नाही, धुवायची नाही, फिनेल तर तिच्या आसपास आणायचं नाही. शाळेत तशी पाटी मीच रंगवली होती आणि भिंतीला हात लावला म्हणून चार पोरांचे कानही पिरगळले होते.

गणपतीच्या आधी आमच्याकडे साफसफाईचं काय वेड असतं, ते कोकणातल्या माणसाला सांगायला नको. घरातला कोपरा न् कोपरा घासून निघतो. माझी थोरली जाऊ मालती गावची सरपंच आहे. तिच्या घरी माजघराला चुना मारत होते, तर कमरेवर हात ठेवून म्हणते, "काय गो शेवंती, मुंबईच्या बाई येतील त्यांना शाळेची ती भिंत दाखवणार?"

"मग? त्यासाठीच येतायत त्या."

"लोक म्हणतील, गावात गवंडीण आहे की नाही? का ती आंधळी आहे?"

"जाऊबाई, ते विरजण आहे."

"असेल बाई. आमच्याकडे दही भांड्यात ठेवतात."

साफसफाईला जमलेल्या बायका हसल्या. मी पण हसले, पण माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. तेवीस वर्षांत माझ्या भिंतीला कोणी नावं ठेवली नव्हती. परक्या गावची शिकलेली बाई येणार, पहिलीच्या वर्गात तिला खुर्ची टाकणार, आणि ती माझी भिंत बघून मनात म्हणणार, काय गबाळं काम आहे! मला ते सोसेना.

दुसऱ्या दिवशी रविवार. शाळेला गणपतीची सुट्टी लागलेली, किल्ली माझ्याकडे. भर दुपारी मी बादली, ब्लीचिंग पावडर आणि काथ्याचा ब्रश घेऊन पहिलीच्या वर्गात शिरले. मनाशी म्हटलं, वर्षातून एकदा अंघोळ घातली तर काय मरतंय का ते? फळ्याची सोडून बाकी तिन्ही भिंती घासल्या. चहा उतरला आणि आतून माझी निरू वर आली, बाळाच्या गालासारखी. मी तिथे उभी राहून किती वेळ बघत होते म्हणून सांगू! पावडर संपली म्हणून बाकीचे वर्ग राहिले. खिडक्या लावल्या, कुलूप घातलं आणि घरी येऊन मोदकांसाठी नारळ खवायला बसले. मनवाला काही बोलले नाही. ती पुण्याहून दमून आली होती आणि मला वाटलं, बोलण्यासारखं आहे तरी काय?

समितीच्या तज्ज्ञ, डॉ. रेहाना मुकादम आल्या त्या दिवशी धुक्यात समोरचा माणूस दिसत नव्हता. बाई साठीच्या आत, पांढरे केस, पायात गमबूट, बोलणं मोजकं. चहासुद्धा काम झाल्यावर घेईन म्हणाल्या. पडवीत गाव जमलं होतं. पहिलीतल्या सातही पोरांच्या आया पुढे उभ्या होत्या, कडेवर, पदराला, जशी असतील तशी पोरं घेऊन.

तिसरा वर्ग, एकशे चाळीस. दुसरा वर्ग, एकशे पासष्ट. ऑफिस, एकशे वीस. प्रत्येक आकड्याला पडवीत टाळ्या पडत होत्या आणि मनवा ओठ चावून हसू दाबत होती. मग मी ऐटीत पुढे झाले आणि पहिलीच्या वर्गाचं कुलूप काढलं.

दार उघडलं आणि वास आला. बंद पेटीतल्या ओल्या घोंगडीचा असतो तो. मी तेवीस वर्षं तो वास ओळखते.  तिन्ही भिंती खालपासून काळ्या-हिरव्या, जागोजागी केसाळ. बारा दिवसांत!

"अगो बाई," मालतीच्या तोंडून निघालं आणि तिने तोंडावर पदर धरला.

मुकादमबाईंनी नाकावर पट्टी चढवली, पेटी आत ठेवली, दार ओढून घेतलं. दहा मिनिटांनी पेटी बाहेर आली. आकडा आला सहा हजार आठशे.

"जोत्यातून ओल चढली आहे," बाई मनवाला म्हणाल्या. "खालून वर. छपराचं पाणी अडलं म्हणून बाकीचे वर्ग वाचले. इथे जमिनीची ओल आली आणि तुमच्या जीवाणूला ती झेपली नाही. आमच्या समितीची शंका हीच होती, डॉक्टर गावडे."

मनवाचा चेहरा चुन्यासारखा झाला होता. ती वर्गात गेली, भिंतीपाशी उभी राहिली, परत आली. "मला कळत नाही," ती म्हणाली. मग थोड्या वेळाने, "चूक माझीच असणार. जमिनीतल्या ओलीवर मी पुरेशी चाचणी केली नव्हती."

बाईंनी शाळा बंद करायचा फॉर्म काढून सहीसाठी मनवापुढे ठेवला. पडवीत पहिलीतल्या एका पोराने आईला विचारलं, "म्हणजे मला खाली जायचं?" ती त्याचं डोकं कुरवाळत राहिली.

आणि मी? मी किल्ली मुठीत धरून उभी होते. खरं सांगते, मी तेव्हा बोलले नाही. सगळं गाव समोर. ज्या गावात मान वर करून चालले, त्या गावापुढे सांगायचं की तुमच्या पोरांची शाळा मी बुडवली, ती का, तर जाऊ हसली म्हणून! गप्प राहिले असते तर कोणाला कधी कळलं नसतं. जीवाणू मेला, विज्ञान हरलं, असं म्हणून लोक घरी गेले असते आणि माझी भिंत कोणाच्या लक्षातही राहिली नसती.

मनवाने पेन हातात घेतलं.  ती सही करायला वाकली.

"थांब," मी म्हटलं. "सही करू नकोस. ती भिंत मी धुतली."

"काय?"

"ब्लीचिंग पावडरने. गणपतीच्या आधीच्या रविवारी. ब्रशने घासून. तुझं विरजण मी मारलं, मनवा. तो जीवाणू हरला नाही, त्याला मी मारलं."

 मनवा माझ्याकडे बघत राहिली आणि मग तिचा आवाज असा चढला की तसा मी जन्मात ऐकला नव्हता. "आई, तू? पाटी तू रंगवलीस! पोरांचे कान तू पिळलेस! तीन वर्षं, आई! का?"

"पांढरी दिसावी म्हणून."

एवढंच तोंडातून आलं. दुसरं काही कारण असतं तर सांगितलं नसतं का? मला इतकी लाज वाटली की जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं.

"तिला मीच बोलले होते," मागून मालती म्हणाली. "सगळ्या बायकांदेखत. माझाही वाटा आहे त्यात." खांद्यावरची शाल सारखी करत ती माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. तेवढं मात्र मी तिचं कधी विसरणार नाही.

मुकादमबाईंनी पट्टी खाली ओढली. "शेवंतीताई, तुम्ही यांच्या आई. मुलीचं काम वाचवायला आई काहीही सांगेल. मीही सांगितलं असतं. तुमच्या शब्दावर मला अहवाल लिहिता येणार नाही. माझ्यासमोर आहे ती भिंत, आणि ती सांगते आहे की ओल खालून चढली."

झालं! भिंत काय सांगते, हे मला ऐकवतायत! लाज राहिली बाजूला, माझं डोकंच फिरलं. मी पदर नाकाला बांधला आणि सरळ वर्गात गेले.

"या आत," मी म्हटलं. "या बघू. खालून चढलेली ओल कशी असते? पाण्याच्या पातळीसारखी. सगळ्या भिंतीला सरळ एक रेघ, आणि रेघेवर पांढरा क्षार. आहे इथे क्षार? हात लावून बघा. आणि ही वरची कड सरळ आहे का?"

बाई जवळ आल्या. त्यांनी बॅटरी लावली. बुरशीची वरची कड सरळ नव्हतीच. कमानी होत्या. एक कमान, खाली उतरायची, पुन्हा दुसरी कमान, पुन्हा तिसरी, साऱ्या भिंतीभर, दोन-दोन हातांच्या अंतराने. कमानींच्या वर तोच फिका चहा, तेच राखी ठिपके, बुरशीचा एक डाग नाही.

"ओल कमानी काढत चढत नाही," मी म्हटलं. "कमान हात काढतो."

मी भिंतीपाशी पाय रोवून उभी राहिले. उंची माझी चार फूट दहा इंच. घासताना बाकावर चढले नव्हते, ओल्या फरशीवर बाक घसरला असता. उजवा हात ब्रश धरल्यासारखा वर नेला आणि डावीकडून उजवीकडे फिरवला. बोटांची टोकं त्या काळ्या कडेवरून अशी गेली की जरा वर नाही, जरा खाली नाही. एक पाऊल सरकले, पुन्हा हात वर केला. पुन्हा तीच कड. तिसऱ्या वेळी मी भिंतीकडे बघितलंसुद्धा नाही, बाईंकडे बघत होते.

 बाईंनी कुप्यांची पेटी मागवली, बाकावर चढून कडेच्या वरच्या आणि खालच्या भिंतीची थोडी थोडी खरवड वेगवेगळ्या कुप्यांत घेतली, चिठ्ठ्या लावल्या. "मेलेला जीवाणू खालच्या कुपीत सापडायला हवा," त्या मनवाला म्हणाल्या. "आणि क्लोरीनच्या खुणा."

"सापडतील," मनवा म्हणाली. तिचा आवाज अजून रागाचाच होता, पण ती आता माझ्याकडे नाही, भिंतीकडे बघत होती. एकदा वर, एकदा खाली. मग हळूहळू म्हणाली, "मॅडम, इथे छप्पर एकच आहे. चुना एकच. पाऊस एकच. फक्त या हाताच्या खाली विरजण नाही."

"कळलं मला," बाई म्हणाल्या. "तीन वर्षं आम्ही तुमच्याकडे मागत होतो तो तुलनेचा वर्ग. या भिंतीवर वर आणि खाली, दोन्ही आहेत." मग माझ्याकडे वळल्या आणि पहिल्यांदाच जरा हसल्या. "इतकी चांगली चाचणी आमच्या समितीला सुचली नसती. सुचली असती तरी आम्ही ती करायला परवानगी दिली नसती."

त्यांनी तो फॉर्म घडी घालून पिशवीत टाकला. दुसऱ्या कागदावर लिहिलं की पहिलीचा वर्ग पुन्हा विरजण धरेपर्यंत बंद, मुलं दुसऱ्या वर्गात बसतील, शाळा चालू राहील. खरवडीचा निकाल आला की चाळीस शाळांचं बघू. मालतीने पडवीत जाऊन ते मोठ्याने वाचून दाखवलं. आयांचा असा काही गलका झाला की पुढचं कोणाला ऐकूच आलं नाही. ते खाली जायला घाबरलेलं पोर पावसात धावत सुटलं आणि त्याच्या मागे त्याची आई.

वर्गात आम्ही तिघीच उरलो. मला वाटलं, आता मनवा बोलेल, आणि काय बोलेल याची मला भीती वाटत होती. ती माझ्याजवळ आली. माझा उजवा हात तिने हातात घेतला, उलटासुलटा करून बघितला. चुन्याने फुटलेली बोटं, वाकडी झालेली करंगळी.

"मला फार राग आलाय तुझा," ती म्हणाली.

"येऊ दे."

"दिवाळीपर्यंत राहील."

"राहू दे."

"पण बाकी कोणाला भिंत वाचता आली नसती. मलासुद्धा नाही आली." असं म्हणून तिने डोळे पुसले आणि फोन काढला. "अहवालात फोटो लागेल. मॅडम, जरा टेप धरता?"

मुकादमबाई खाली वाकल्या, त्यांनी टेपचं टोक फरशीला लावलं. मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि हात वर केला. सहा फूट दीड इंच. पहिल्या फोटोत मी डोळे मिटले, म्हणून मनवाने दुसरा काढला. दुसऱ्यात टेपवर उजेड आला, म्हणून तिसरा. हात भरून आला होता, पण ती "झालं, आई" म्हणेपर्यंत मी तो खाली घेतला नाही.